‘महाराजा’चे वैभव आणि ऱ्हास

भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवर बांधलेल्या धरणाच्या परिसरातील शेतकऱ्याचा आणि एअर इंडियाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो विक्षिप्त वाटेल. ज्याने विमान केवळ आकाशातून जाताना पाहिले, त्याला त्या कंपनीच्या जमाखर्चाशी काय कर्तव्य? परंतु संबंध आहे, आणि तो ऋणकोचा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये या कंपनीची विक्री ठरली, तेव्हा तिच्यावर ६१,५६२ कोटी रुपयांचे कर्ज होते. टाटा समूहाने १८,००० कोटींची बोली लावली. तीपैकी १५,३०० कोटी कर्जाच्या रूपाने स्वीकारायचे होते आणि २,७०० कोटी रोख द्यायचे होते. उरलेल्या ४६,२६२ कोटींचा भार सरकारकडे, म्हणजेच करदात्याकडे राहिला. खत आणि काडेपेटी विकत घेणारा प्रत्येक जण करदाताच असतो. म्हणून या ऱ्हासाची कथा त्यानेही जाणून घ्यावी, आणि ती समजण्यासाठी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांच्या चरित्राकडे वळावे, हे उचित होय.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, तर आई फ्रेंच. बालपणीच त्यांना विमानाचा छंद जडला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना त्यांच्या हाती पडला. त्यानंतर आगाखान यांनी इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्यासाठी पारितोषिक जाहीर केले. या स्पर्धेत इजिप्तमधील अबुकीर येथे अ‍ॅस्पी इंजिनीअर हा तरुण प्रतिस्पर्धी स्पार्क प्लगवाचून अडकून पडलेला त्यांना आढळला. त्यांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. तो जिंकला, आणि जे. आर. डी. हरले. पुढे हेच इंजिनीअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. प्रतिस्पर्ध्याला अडवून मिळविलेल्या यशात स्वारस्य नसणारा हा स्वभाव पुढील कथेतही दिसतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसे पस मॉथ विमान त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणले आणि जुहूच्या मैदानात उतरविले. नेव्हिल व्हिन्सेंट या सहकाऱ्याने तेच टपाल पुढे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमान वाहतुकीचा हा आरंभ होता. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. त्याच सुमारास बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून मिशाळ, झुकलेला ‘महाराजा’ अवतरला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ने मुंबईहून लंडनकडे झेप घेतली. या आंतरराष्ट्रीय कंपनीत सरकारचा वाटा ४९ टक्के होता.

मात्र त्यांचा प्रत्येक अंदाज अचूकच ठरला, असे मानण्याचे कारण नाही. १९४९ मध्ये रफी अहमद किडवाई यांच्या आग्रहाने रात्रीची विमान-टपाल योजना सुरू झाली, तिला जे. आर. डीं.चा विरोध होता. चार महानगरांतून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. ही योजना दोन दशकांहून अधिक काळ चालली. शासनाचा हट्ट नेहमीच अनाठायी असतो असे नाही, हे विदर्भातील वाचकाला सांगण्याची गरज नाही.

१९५३ च्या ऑगस्टमध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. सरकारने आपल्याला पुरेसे विश्वासात घेतले नाही, याचे जे. आर. डीं.ना दुःख झाले. तरीही नव्या महामंडळाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि ते सुमारे २५ वर्षे वेतनाविना सांभाळले. येथेच या कथेचे मर्म आहे. एअर इंडियाचा सुवर्णकाळ खासगी मालकीतील नव्हे. तो सरकारी मालकीतील आहे. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले, १९६२ मध्ये संपूर्ण ताफा जेट विमानांचा असणारी ती जगातील पहिली कंपनी ठरली, १९७१ मध्ये जंबो जेट आले. अध्यक्ष प्रवास करीत तेव्हा पडद्यांपासून चहाच्या रंगापर्यंत सर्व टिपून घेत आणि त्याची दखल घेण्यास अधिकाऱ्यांना भाग पाडीत. मालक सरकार होते, पण धुरा जाणत्याच्या खांद्यावर होती आणि त्या खांद्यावर दिल्लीचा हात सहसा पडत नव्हता.

१ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट मुंबईजवळ समुद्रात कोसळून २१३ जीव गेले. त्यानंतर महिनाभरातच मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, परंतु अध्यक्षपद परत आले नाही. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई हे उड्डाण पुन्हा करून दाखविले. १९९२ मध्ये ‘भारतरत्न’ हा सन्मान मिळाला आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

पुढील घसरण त्यांना पाहावी लागली नाही. स्पर्धेचे युग आले. आखाती कंपन्यांनी भारतीय प्रवासी आपल्याकडे वळविले. २००५-०६ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांसाठी मिळून १११ विमानांची मागणी नोंदविली गेली, तीही प्रामुख्याने कर्जाच्या बळावर. महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात त्यावर बोट ठेवले. २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विलीनीकरण झाले, पण दोन संस्थांची मने, वेतनश्रेणी आणि कार्यपद्धती एक झाल्या नाहीत. २०१२ मध्ये सुमारे ३०,००० कोटींच्या मदतीची योजना मंजूर झाली, तरीही तोटा थांबला नाही. २०१८ मध्ये कंपनी विक्रीस काढली, तेव्हा एकही ग्राहक पुढे आला नाही. अखेर २७ जानेवारी २०२२ रोजी, ६८ वर्षांनी, ती टाटांकडे परतली.

या प्रत्यावर्तनात काव्यात्म न्याय दिसतो खरा; पण तेवढ्यावर समाधान मानणे भाबडेपणाचे ठरेल. मालक बदलला म्हणजे दोष गेले, असे होत नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला झालेल्या भीषण अपघाताने नव्या मालकांपुढेही जबाबदारीचा प्रश्न उभा केलाच. राष्ट्रीयीकरणाने कंपनी बुडाली, हे म्हणणे जितके अपुरे, तितकेच खासगीकरणाने ती तरेल हे म्हणणेही अपुरे आहे. ती बुडाली, कारण निर्णय घेणारा एक, त्याची फळे भोगणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसराच, अशी व्यवस्था रूढ झाली.

गोसीखुर्दच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा अंदाज असलेल्या आणि १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या त्याच्या धरणाचा खर्चही पुढे १८,००० कोटींपलीकडे गेला. धरण विकता येत नाही, एवढाच काय तो फरक. सार्वजनिक संपत्तीला जाणता, निःस्पृह आणि उत्तरदायी कारभारी मिळाला तर काय घडते, हे जे. आर. डीं.च्या २५ वर्षांनी दाखविले. तो नसला म्हणजे काय घडते, हे पुढच्या ४० वर्षांनी. पहिल्याची कीर्ती देशाला मिळाली. दुसऱ्याचे देणे मात्र अजून फेडायचे आहे.