मठाधिपती ग्रेगोर मेंडेल: वाटाण्याच्या वाफ्यातून मिळालेली साक्ष

उत्क्रांती मानणारा माणूस परमेश्वराला मानूच शकत नाही, असे ठामपणे सांगणारे काही ख्रिस्ती गट आहेत. विसाव्या शतकात हा विचार विशेषतः अमेरिकेतील मूलतत्त्ववादी पंथांत वाढला आणि आज त्यांची पुस्तके व चित्रफिती जगभर पोहोचतात. सृष्टी सहा दिवसांत घडली आणि एका प्रकारच्या जिवापासून दुसरा प्रकार कधीच उत्पन्न झाला नाही, असे हे लोक मानतात. नवल म्हणजे त्यांच्यापैकी काही जण आपला साक्षीदार म्हणून एका कॅथलिक धर्मगुरूंचे नाव घेतात. ते धर्मगुरू म्हणजे ग्रेगोर मेंडेल. मेंडेल यांच्या नियमांनुसार जुनेच गुण पुनःपुन्हा वाटले जातात, नवे काही निर्माण होत नाही, मग उत्क्रांती होणार कशी, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मेंडेल यांचे जीवन व कार्य नीट पाहिले तर त्यांची साक्ष नेमकी उलट बाजूस जाते.

मेंडेल यांचा जन्म १८२२ साली त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव योहान. वडील अंतोन हे गरीब शेतकरी असून आठवड्यातील तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. १८३८ साली अंगावर झाड कोसळून वडील जायबंदी झाले आणि मुलाच्या शिक्षणाचा आधार तुटला. तेव्हा धाकट्या बहिणीने आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या वाट्यातील काही भाग भावाच्या शिक्षणासाठी दिला. या उपकाराची फेड मेंडेल यांनी पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावून केली.

१८४३ साली ते ब्रुनो शहरातील संत थॉमस मठात ऑगस्टिनियन संघात दाखल झाले आणि ग्रेगोर झाले. १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. परंतु रुग्ण व मरणासन्न माणसांचे दुःख पाहून ते स्वतःच आजारी पडत. मठाधिपती नाप यांनी त्यांचा स्वभाव ओळखून त्यांना अध्यापनाकडे वळवले. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत त्यांना १८५० साली अपयश आले, तेव्हा मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तेथे १८५१ ते १८५३ या काळात त्यांनी डॉपलर यांच्याकडे भौतिकशास्त्राचे आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे धडे घेतले. वनस्पती काळाच्या ओघात बदलत आल्या आहेत, हे उंगर उघडपणे शिकवीत.

१८५६ ते १८६३ या काळात मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे वाढवली. कोवळ्या फुलातील पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या रोपाचे परागकण कुंचल्याने लावायचे, फूल झाकून ठेवायचे आणि शेंगा भरल्या की दाणे मोजायचे, असे हे काम होते. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला असता पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघाले. दुसऱ्या पिढीत मात्र ७३२४ दाण्यांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले भरले. म्हणजे प्रमाण जवळपास तिनास एक. लुप्त झालेला गुण नष्ट झाला नव्हता, तो केवळ दडून राहिला होता.

या निष्कर्षाचे मोल समजण्यासाठी डार्विन यांची अडचण पाहावी लागते. मातापित्यांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात, अशी त्या काळची समजूत होती. तसे असेल तर उपयुक्त असा नवा गुण काही पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा होईल. मग नैसर्गिक निवड काम कशावर करणार? १८६७ साली जेन्किन या ब्रिटिश अभियंत्याने हा आक्षेप जोरदारपणे मांडला आणि डार्विन यांना तो गंभीर वाटला. त्याचे उत्तर १८६६ सालीच ब्रुनोच्या निसर्गविज्ञान मंडळाच्या अंकात छापून आले होते. गुण मिसळत नाहीत. ते अखंड राहून पुढील पिढीत उतरतात. दुर्दैवाने डार्विन यांना त्याची वार्ता लागली नाही.

मेंडेल यांनी मात्र डार्विन यांचा ग्रंथ वाचला होता. १८६३ सालच्या जर्मन आवृत्तीची त्यांची प्रत आजही उपलब्ध असून तिच्यात त्यांच्या हातच्या खुणा आहेत. ते उत्क्रांतीचे प्रचारक नव्हते; परंतु सजीवांच्या विकासाच्या प्रश्नाशी आपल्या प्रयोगांचा संबंध आहे, हे त्यांनी स्वतःच्या प्रबंधात नमूद केले आहे. डार्विन यांचा हा ग्रंथ व्हॅटिकनच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कधीही घातला गेला नाही, हेही ध्यानी घ्यावे.

१८६८ साली मेंडेल मठाधिपती झाले. प्रशासन आणि मठांवरील कराविरुद्धचा दीर्घ लढा यांत त्यांचे संशोधन मागे पडले. ६ जानेवारी १८८४ रोजी, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, त्यांना देवाज्ञा झाली. त्यांच्या शोधाचे प्रकटीकरण व्हायला मात्र १९०० साल उजाडले. त्या वर्षी तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तेच प्रमाण पुन्हा शोधून काढले. १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञाने मेंडेल यांचे आकडे वाजवीपेक्षा अधिक नेटके असल्याची शंका घेतली. पण इतरांच्या प्रयोगांत नियम टिकून राहिला. विज्ञानात थोरामोठ्यांचा शब्दही पडताळणीतून सुटत नाही. याच फिशर यांनी हाल्डेन व राईट यांच्यासमवेत मेंडेल आणि डार्विन यांच्या विचारांची सांगड घातली.

आता नवे काही निर्माण होत नाही, या आक्षेपाकडे वळू. मेंडेल यांचा सुरकुतलेला वाटाणा मुळात आला कोठून? १९९० साली शास्त्रज्ञांनी त्याचे कारण शोधले. स्टार्च तयार करणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक अधिक तुकडा घुसला आणि जनुक निकामी झाले. हेच ते उत्परिवर्तन. जनुकांत असे बदल होत असतात. कित्येक बदल हानिकारक वा निरुपयोगी ठरतात, काही परिस्थितीनुसार उपकारक ठरतात आणि निवड त्यांनाच पुढे नेते. मेंडेल यांचा नियम गुणांचे वाटप सांगतो. गुण बदलतच नाहीत असे तो सांगत नाही.

मेंडेल ज्यांच्या नियमावलीनुसार जगले, त्या संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच सावध केले होते. ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा हवाला देऊन निसर्गाविषयी चुकीची विधाने केली, तर जाणकार लोक शास्त्राच्या तारणविषयक शिकवणीवरही विश्वास ठेवणार नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पोप पायस बारावे यांनी १९५० साली, आत्मा परमेश्वरच निर्माण करतो ही श्रद्धा राखून, मानवी देहाच्या उत्क्रांतीवर अभ्यासास वाव दिला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली उत्क्रांती ही केवळ एक कल्पना राहिलेली नाही, असे मान्य केले.

उत्पत्तीचे पुस्तक निर्माता कोण आणि आपण त्याचे कोण, हे सांगते. दाण्यांची मोजदाद ते आपल्यावर सोपवते. शाळेत उत्क्रांती शिकणाऱ्या आपल्या मुलांना श्रद्धा आणि विज्ञान यांपैकी एकाची निवड करण्याची सक्ती कोणी केली, तर त्यांना या मठाधिपतींची ओळख करून द्यावी. सकाळी वेदीपाशी आणि नंतर वाफ्यापाशी उभे राहताना त्यांना आपली श्रद्धा बाजूला ठेवावी लागली नाही.