अंधांचे उपकारकर्ते लुई ब्रेल

सुख आलें म्हणजे तें आपल्या हक्काचें व दुःख आलें म्हणजे तो आपल्यावर अन्याय, अशी आपणां मनुष्यांची समजूत असते. ज्यांच्या आयुष्यांत हीं दोन्हीं एकाच दारानें आलीं, अशा एका भाविक कॅथॉलिक गृहस्थाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजीं फ्रान्समधील कूव्रे या खेड्यांत झाला. वडील घोड्यांचीं खोगिरें व चामड्याचा साज तयार करीत. तीन वर्षांचा लुई एके दिवशीं त्यांचीं हत्यारें घेऊन खेळत असतां टोंकदार हत्यार डोळ्यांत शिरलें. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यासहि बाधा झाली, आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास तो पूर्ण अंध झाला. तथापि आईबापांनीं त्यास कोपऱ्यांत बसवून ठेविलें नाहीं. गांवचे धर्मगुरु पालुई यांनीं त्यास शिकविलें.

१८१९ सालीं त्यास पॅरिस येथील अंध मुलांच्या शाळेंत पाठविण्यांत आलें. तेथें विद्या व संगीत मिळालें. पण इमारत जुनी, दमट व रोगट होती. शार्ल बार्बिए नामक गृहस्थानें उठावदार टिंबांची एक लिपि योजिली होती. परंतु तिच्या एका खुणेंत बारापर्यंत टिंबें असत, तीं बोटाच्या एका स्पर्शांत मावत नसत. लुईनें बारांचीं सहा केलीं. १८२४ सालीं, अवघ्या पंधराव्या वर्षीं, त्याची लिपि बहुतेक सिद्ध झाली. टोंकदार हत्यारानें दृष्टि नेली होती. आतां टोंकदार सळईनेंच तो कागदावर अक्षरें उठवूं लागला.

पुढें ब्रेल त्याच शाळेंत शिक्षक झाले व पॅरिसच्या देवळांत ऑर्गन वाजवूं लागले. परंतु तरुणपणींच क्षयानें त्यांना गांठलें. शाळेच्या चालकांनीं कांहीं वर्षें त्यांची लिपि वर्ज्यहि केली. मुलें ती चोरून शिकत राहिलीं. ६ जानेवारी १८५२ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, शेवटचीं साक्रामेंतें घेतलेले ब्रेल ४३ व्या वर्षीं निवर्तले. शाळेनें ती लिपि अधिकृतपणें स्वीकारिली १८५४ सालीं. तें सुख त्यांच्या वांट्यास आलें नाहीं. आज मराठी पुस्तकेंहि याच सहा टिंबांत वाचलीं जातात.

वाचकहो, आपल्या घरींहि देवाच्या देणग्यांबरोबर आजार, तोटा, वियोग येतातच. त्यांचें दुःख खरें आहे. पण त्या दुःखापायीं हातांतलें दान खालीं ठेवूं नये, एवढें जरी या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण शिकलों तरी पुष्कळ झालें.