कान्होजी आंग्रे

सरखेल कान्होजी आंग्रे (जन्म : सुमारे इ.स. १६६९, मृत्यू : ४ जुलै १७२९) हे मराठा आरमाराचे प्रमुख होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज, पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचे सिद्दी या सत्तांना तोंड देत त्यांनी कोकण किनाऱ्यावर मराठ्यांचा अंमल टिकवला. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि कुलाबा हे त्यांच्या आरमाराचे मुख्य तळ होते.

प्रारंभिक जीवन

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ असून आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. कान्होजींचे वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. कान्होजींची जडणघडण रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै बंदरासमोरच्या सुवर्णदुर्गावर झाली. या किल्ल्याचा अधिकारी सिद्दीला फितूर झाल्यावर तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला वाचवला, अशी परंपरागत कथा आहे.

सरखेलपद

इ.स. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली आणि त्यांना सरखेल हा किताब मिळाला. छत्रपती शाहू महाराजांच्या सुटकेनंतर उद्भवलेल्या वारसासंघर्षात ते प्रथम महाराणी ताराबाईंच्या पक्षात राहिले. इ.स. १७१३ मध्ये त्यांच्यावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले. त्यानंतर बाळाजी विश्वनाथ यांनी युद्धाऐवजी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारला. इ.स. १७१४ च्या तहानुसार कान्होजींनी शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले. सरखेलपद, १० किल्ले आणि १६ लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली.

परकीय सत्तांशी संघर्ष

आपल्या हद्दीतील समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा कान्होजींचा आग्रह होता. ईस्ट इंडिया कंपनीला हा अधिकार मान्य नव्हता, म्हणून इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख चाचा असा येतो. तथापि पोर्तुगीजही परवाने देत आणि परवाना नसलेली जहाजे पकडत. हा वाद मूलतः समुद्रावरील सार्वभौमत्वाचा होता.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत इंग्रजांनी इ.स. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर हल्ले केले. परंतु एकही किल्ला हाती आला नाही. इ.स. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी संयुक्तपणे कुलाब्यावर स्वारी केली. शाहू महाराजांची फौज कान्होजींच्या मदतीस आली, पोर्तुगीजांनी स्वतंत्रपणे तह केला आणि मोहीम फसली. १७१४ च्या समेटाचे महत्त्व या प्रसंगी स्पष्ट झाले.

आरमार व नेतृत्व

कान्होजींच्या आरमारात गुराब आणि गलबत ही मुख्य जहाजे होती. गुराबेवर मोठ्या तोफा असत. गलबते हलकी व वल्ह्यांनी चालणारी होती. वारा पडल्यावर गलबते गुराबांना ओढून नेत. खोल समुद्रात मोठ्या युरोपीय जहाजांशी समोरासमोर लढण्याऐवजी मागच्या बाजूने मारा करणे आणि प्रसंगी उथळ खाड्यांत माघार घेणे, अशी त्यांची युद्धपद्धती होती. भरती-ओहोटी, खडक आणि खाड्या जाणणारे स्थानिक दर्यावर्दी हे तिचे बळ होते. पावसाळ्यात जहाजे खाड्यांत सुरक्षित ठेवली जात. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली आंग्रेकालीन गोदी आजही दिसते.

सागवान आणि वनरक्षण

जहाजबांधणी सागवानावर अवलंबून असल्याने आरमाराचे भवितव्य जंगलाशी जोडलेले होते. कान्होजींच्याच काळात रामचंद्रपंत अमात्य यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड परवानगीने तोडावे, रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये आणि जीर्ण झाड मालकाला राजी करून, मोबदला देऊनच घ्यावे, असे नियम आढळतात. कुलाब्याच्या किनारपट्टीवर सागवानाची लागवड व जपणूक केल्याचे श्रेय पर्यावरण-इतिहासाच्या लेखनात आंग्रे यांना दिले जाते.

मृत्यू व उत्तरकाळ

कान्होजींचे ४ जुलै १७२९ रोजी निधन झाले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. त्यांच्यानंतर सेखोजी सरखेल झाले. सेखोजींच्या मृत्यूनंतर संभाजी व मानाजी या भावांतील कलहाने आंग्रे सत्ता विभागली गेली. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यातील वैर विकोपाला गेले. इ.स. १७५६ मध्ये पेशव्यांशी संगनमत असलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि तुळाजींचे आरमार बंदरातच जळून नष्ट झाले.

वारसा

भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळास इ.स. १९५१ मध्ये आय.एन.एस. आंग्रे हे नाव देण्यात आले. इ.स. १९९८ मध्ये खांदेरी बेटाचे कान्होजी आंग्रे बेट असे नामकरण झाले.

विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ कि.मी. अंतरावरील आंग्रिया बँक हे समुद्रांतर्गत पठार त्यांच्या नावाने ओळखले जाते. सुमारे ४० कि.मी. लांब व १५ कि.मी. रुंद असलेल्या या पठारावर प्रवाळांची समृद्ध वसाहत आहे. ते भारताच्या १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक जलक्षेत्राबाहेर, परंतु अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. त्यामुळे वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्याचा नेहमीचा दर्जा देणे कठीण ठरते. मासेमारी व अन्य हस्तक्षेपापासून या प्रवाळांचे रक्षण व्हावे, अशी मागणी सागरी अभ्यासक करीत आले आहेत.