शेताचं उत्तर मातीतच शोधणारा विनोग्राद्स्की

बीटी कापसामुळे जमिनीतले सूक्ष्मजीव मरतात का? हे तपासायचं कसं, याची वाट सर्गेई विनोग्राद्स्की यांनी कितीतरी आधी दाखवली होती.

१८५६ साली कीव्हमध्ये जन्मलेले सर्गेई आधी पियानो शिकत होते, मग विज्ञानाकडे वळले. १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये त्यांनी अमोनियाचं नायट्रेट करणारे, म्हणजेच पिकाला नत्र पुरवणारे जिवाणू वेगळे केले. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिलेटिनवर ते वाढतच नव्हते, कारण त्यांना सेंद्रिय अन्न लागत नाही.

रशियन क्रांतीनंतर त्यांना देश सोडावा लागला. १९२२ मध्ये, पासष्टी ओलांडल्यावर, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने त्यांना बोलावलं. बाटलीत वाढवलेले जिवाणू म्हणजे शेत नव्हे, थेट माती तपासा, हा आग्रह त्यांनी तिथे धरला. १९५३ मध्ये त्यांचं निधन झालं.

बीटी कापूस भारतात आला २००२ मध्ये. बीटी पिकांच्या अवशेषांतून त्यांचं कीटकनाशक प्रथिन मातीत उतरतं. आजवरच्या बहुतेक अभ्यासांत सूक्ष्मजीवांवर त्याचा परिणाम किरकोळ किंवा तात्पुरता दिसला. जमिनीचा प्रकार आणि हंगाम यांनीच जास्त फरक पडतो. म्हणूनच एका शेताचं उत्तर दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. माती तिथलीच तपासावी लागते.