तारे मोजणारा सुलतान

मुलांनो, समरकंद शहराचे नाव तुम्ही बाबराच्या इतिहासात वाचले असेल. आज हे शहर उझबेकिस्तानात आहे. बाबराच्या आधी तेथे एक सुलतान होऊन गेले. राज्यकारभारापेक्षा त्यांचे मन आकाशात अधिक रमत असे. त्यांचे नाव उलुग बेग.

उलुग बेग यांचा जन्म १३९४ साली झाला. तैमूर हे त्यांचे आजोबा. आजोबांनी तलवारीने मुलूख जिंकले. नातवाला मात्र गणिताची गोडी लागली. १४०९ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, समरकंदचा कारभार त्यांच्याकडे आला. तेथे त्यांनी मोठा मदरसा बांधला. धर्मशिक्षणाबरोबर तेथे गणित आणि खगोलशास्त्रही शिकवले जाई.

उलुग बेग स्वतः तेथे चर्चेला बसत. कधी कधी ते मुद्दाम चुकीचे विधान करत. सुलतान बोलले म्हणून कोणी मान डोलावली, की त्याची फजिती होई! जमशेद काशी या गणितज्ञाने आपल्या वडिलांना पाठवलेल्या पत्रात ही हकिकत लिहिली आहे.

पुढे त्यांनी वेधशाळा उभारली. तेव्हा दुर्बीण नव्हती. तुमच्या कंपासपेटीत कोनमापक असतो ना? तसेच, पण सुमारे ४० मीटर त्रिज्येचे दगडी यंत्र त्यांनी बांधले. त्याचा खालचा भाग टेकडीच्या खडकात खोदलेला होता. दुपारी सूर्याचा किरण वरून येऊन यंत्रावरील खुणेवर पडे. त्यावरून सूर्य किती उंच आहे, हे कळे. यंत्र जितके मोठे, तितक्या खुणा बारीक आणि मोजमाप अचूक.

अनेक वर्षे वेध घेऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०१८ ताऱ्यांची यादी तयार केली. ग्रहांची स्थिती सांगणारी कोष्टकेही बनवली. हा ग्रंथ १४३७ साली पूर्ण झाला. सूर्य ताऱ्यांमधून फिरून पुन्हा त्याच जागी दिसायला ३६५ दिवस, ६ तास, १० मिनिटे आणि ८ सेकंद लागतात, असे त्यांनी काढले. आजच्या मापाशी ताडून पाहिले, तर फरक जेमतेम एका मिनिटाचा!

पण राज्यासाठी घरातच वैर पेटले. १४४९ साली उलुग बेग हजला निघाले असता, त्यांचाच मुलगा अब्दुल लतीफ याच्या हुकमाने त्यांना ठार मारण्यात आले. वेधशाळा ओसाड पडली आणि पुढे मातीखाली गेली.

ज्ञान मात्र गाडले गेले नाही. त्यांचे शिष्य अली कुशजी यांनी तो ग्रंथ इस्तंबूलपर्यंत नेला. अठराव्या शतकात जयपूरचे राजे सवाई जयसिंह यांनी आपल्या कामात त्याचा आधार घेतला. दिल्ली आणि जयपूर येथील जंतरमंतर त्यांनीच बांधले. १९०८ साली समरकंदला उत्खनन झाले, तेव्हा त्या प्रचंड यंत्राचा जमिनीतील भाग जसाच्या तसा सापडला.

मुलांनो, वर्गात एखादी गोष्ट पटली नाही, तर नुसती मान डोलावू नका. अदबीने हात वर करा आणि विचारा. समरकंदच्या सुलतानाला असेच विद्यार्थी हवे होते.