मेमोवरचं नाव

सेमिस्टरचा मेमो हातात आला की आपण आधी मार्क बघतो. वर छापलेलं नाव कोण वाचतं? नांदेड असो की लातूर, नाव एकच: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. गंमत म्हणजे हे त्यांचं जन्माचं नावच नाही.

३ ऑक्टोबर १९०३ रोजी, आज कर्नाटकात असलेल्या सिंदगीत व्यंकटेश भवानराव खेडगीकर जन्मले. त्याच वर्षी जूनमध्ये बिहारमधल्या मोतिहारीत एका इंग्रज नोकरदाराच्या घरी एरिक ब्लेअर जन्मला. पुढं त्यानंही नाव बदललं: जॉर्ज ऑर्वेल. त्याची ‘नाइन्टीन एटी-फोर’ कादंबरी वाचली नसेल, तरी त्यातला ‘बिग ब्रदर’ कुठं ना कुठं भेटला असेलच. तिथं पक्ष म्हणेल तेच खरं. डायरी लिहिणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. शेवटी माणसातला ‘मी’ पुसला जातो, उरतो फक्त पक्ष.

असल्या कादंबऱ्या वाचल्या की वाटतं, समूह म्हटला की माणूस संपलाच. मग व्यंकटेशचं काय करायचं? त्यानं तर आपला ‘मी’ स्वतःहून खाली ठेवला. तरुणपणीच देशासाठी अविवाहित राहायचं ठरवलं. कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं. १९२९ मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आला आणि पुढं संन्यास घेऊन रामानंद तीर्थ झाला. संन्यासी झाला, पण मठात काही गेला नाही. आधी हिप्परगा, मग अंबाजोगाई, पोरांना शिकवत राहिला.

तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. वरचं शिक्षण उर्दूत. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं, तर ती रीतसर स्थापन व्हायच्या आधीच सरकारनं तिच्यावर बंदी घातली! जन्मालाच न आलेल्या संघटनेला शिक्षा. ऑर्वेलच्या कादंबरीत शोभावं असं हे आपल्याकडं आधीच घडलं होतं. स्वामीजींनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले. १९४० मध्ये गांधीजींच्या संमतीनं वैयक्तिक सत्याग्रह केला, पुन्हा तुरुंग. म्हणजे चळवळ सगळ्यांची, पण पुढं होऊन अटक करून घ्यायची ती एकेकट्यानं.

१९४८ साल बघा. स्कॉटलंडजवळच्या ज्युरा बेटावर आजारी ऑर्वेल ती कादंबरी पूर्ण करत होता. इकडं स्वामीजी निजामाच्या कैदेत होते. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि स्वामीजी सुटले. ऑर्वेलच्या नायकाला तुरुंगानं मोडून टाकलं. स्वामीजी मात्र बाहेर आले ते न मोडता.

खरी परीक्षा पुढं होती. आता सत्ता आपल्याच पक्षाची होती. हैदराबाद राज्य अखंड राहावं, असा पंडित नेहरूंचा कल होता. स्वामीजींचं मत उलटं: भाषेप्रमाणं राज्य वेगळं करा, ज्याला त्याला आपापल्या भाषेच्या लोकांत जाऊ द्या. देशातल्या सगळ्यांत मोठ्या नेत्याला, तेही स्वतःच्याच पक्षात राहून, नाही म्हणायला काय लागतं हे कॉलेजच्या निवडणुकीत पडलेल्यांना कळेल. त्यांनी मत सोडलं नाही आणि पक्षही सोडला नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे भाग झाले, मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला. लढ्याचं नेतृत्व करणारा हा माणूस दोनदा खासदार झाला, पण मंत्री कधीच झाला नाही. पुढं राजकारणातूनही बाजूला झाला. २२ जानेवारी १९७२ रोजी ते गेले.

आपलं सगळं समूहाला देऊनही त्यांनी एक गोष्ट स्वतःकडं ठेवली: नाही म्हणायचा हक्क. ऑर्वेलच्या पक्षाला नेमका तोच हवा असतो. त्यामुळं कुठलाही गट, संघटना, अगदी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन करताना एवढंच तपासा: इथं ‘मला पटत नाही’ असं लिहिणारा उद्याही ग्रुपमध्ये असतो का?

पुढचा मेमो आला की मार्कांच्या वरची ती ओळही वाचा.