मोकळ्या कुरणांचा धनी : चार्ल्स गुडनाइट

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कुंपण नसलेल्या माळरानांवर गुरांचे प्रचंड कळप पोसणाऱ्या पशुपालकांत चार्ल्स गुडनाइट यांचे नाव अग्रभागी आहे. ५ मार्च १८३६ रोजी इलिनॉय राज्यात त्यांचा जन्म झाला. बालपणीच कुटुंब टेक्सासमध्ये आले. शिक्षण जेमतेम काही महिन्यांचे. परंतु टेक्सास रेंजर्स दलात वाटाड्याचे काम करताना अनोळखी मुलखात पाणी आणि वाट शोधण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली.

यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासमध्ये गुरे उदंड होती, गिऱ्हाईक मात्र नव्हते. १८६६ मध्ये ऑलिव्हर लव्हिंग या अनुभवी पशुपालकासह त्यांनी सुमारे २,००० गुरे न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनरकडे हाकली. तेथे सरकारने डांबलेल्या हजारो नावाहो लोकांसाठी मांस हवे होते. पेकॉस नदीअलीकडच्या निर्जल पट्ट्यात शेकडो जनावरे दगावली; उरलेल्यांना उत्तम भाव मिळाला. याच सुमारास त्यांनी लष्करी गाडीवर शिधा-भांड्यांची पेटी बसवून गुराख्यांसाठी फिरते स्वयंपाकघर घडवले. पुढच्याच वर्षी कोमांची योद्ध्यांच्या हल्ल्यात जखमी झालेल्या लव्हिंग यांचा अंत झाला. आपला देह टेक्सासच्या मातीत विसावावा, ही त्यांची अखेरची इच्छा गुडनाइट यांनी शेकडो मैलांचा प्रवास करून पूर्ण केली.

१८७३ च्या आर्थिक मंदीने गुडनाइट यांची कमाई बुडाली. १८७६ मध्ये त्यांनी पालो ड्यूरो दरीत नव्याने प्रारंभ केला आणि १८७७ मध्ये जॉन अडेर यांच्या भांडवलावर ‘जेए’ रँच उभे राहिले. ऐन भरात तेथे सुमारे १,००,००० गुरे चरत. या वैभवाला काळी किनारही होती. दोनच वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, लष्कराने कोमांची व कायोवा लोकांना याच दरीतून हुसकावून त्यांचे हजारांहून अधिक घोडे ठार केले होते. ज्या बायसनवर त्यांचे जीवन अवलंबून होते, तेही शिकाऱ्यांनी जवळजवळ संपवले होते.

गुडनाइट यांच्या पत्नी मेरी अ‍ॅन यांना ही हानी सोसवेना. त्यांच्या आग्रहामुळे बायसनची पोरकी वासरे रँचवर वाढवली गेली.

पुढे काटेरी तार आणि रेल्वे यांनी मोकळी कुरणे संपवली. १२ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, गुडनाइट निवर्तले. त्यांचे अफाट कळप आता इतिहासजमा झाले. त्या पोरक्या वासरांचे वंशज मात्र टेक्सासच्या कॅपरॉक कॅनियन्स उद्यानात आजही चरतात.